शेवटच्या वाफ्यापर्यंत नेट

भरतीच्या अर्जाची शेवटची रात्र होती. पावणेदहाला अभ्यासिकेतली एक मुलगी जिना उतरून खाली आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरून नुसती उभी राहिली. फोटो आणि सही चढवायच्या पानावर गोल चक्र फिरत होतं. तिचा तो चौथा प्रयत्न होता. वर २८ जण बसलेले आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच वाय-फायवर. मी राऊटर बंद करून पुन्हा चालू केला. तेव्हा मला तेवढंच येत होतं. दोन मिनिटं बरी गेली, मग पुन्हा तेच चक्र. शेवटी तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला, दोघं १४ किलोमीटरवर साक्रीला गेले, ओळखीच्या झेरॉक्सवाल्याला दुकान उघडायला लावलं आणि ११ वाजून ४० मिनिटांनी अर्ज भरला.

अर्ज गेला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. नेट आमच्याकडे होतं, वर्गणी काढून बिल वेळेवर भरलेलं होतं, आणि ज्या पोरीला त्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज होती तिलाच ते मिळालं नाही.

मी या वाचनालयाची ग्रंथपाल. पांझरेकाठचं आमचं गाव. खाली वाचनालय आणि तीन संगणक, वरच्या मजल्यावर ३० खुर्च्यांची अभ्यासिका, अंगणापलीकडे बचत गटांच्या ग्रामसंघाची खोली. या सगळ्यांत मिळून फायबरची एक जोडणी. दुसरी परवडत नाही, आणि पुढे कळलं की दुसरीची गरजही नव्हती. संगणकाचं माझं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी. बाकी सारं मी पुढच्या चार महिन्यांत करत करत शिकले. गावोगावच्या अभ्यासिकांमध्ये हीच रड आहे, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

सुरुवात चुकीच्या जागी झाली. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, प्लॅन लहान पडतोय, मोठा घ्या. आम्ही ५० एमबीपीएसवरून १०० वर गेलो, महिना ७९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. आठवडाभर सगळ्यांना वाटलं, फरक पडला. मग पुन्हा संध्याकाळचे सात वाजले की वरून हाक यायची, "ताई, नेट बंद पडनं!"

मी घरी हे सांगत होते तेव्हा नाना, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून ऐकत होते. नाना आयुष्यभर पाटकरी होते. आमच्या भागातली फडपद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि शेतजमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात एका वेळी एकच पीक. शेकडो वर्षं ही व्यवस्था गावकऱ्यांनीच चालवली. तिच्यात एक मोठी गोष्ट अशी की कुणीही आपल्या शेताचं दारं, म्हणजे पाणी आत घ्यायचं तोंड, आपल्या हाताने मोडायचं नाही. ते पाटकऱ्याचं काम. पाळी कुणाची ते तो ठरवणार, आणि जागल्या पाटावर नजर ठेवणार. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी पडलं तर फडच कमी भिजवतात आणि तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. एकट्याचं पीक वाळत नाही.

नानांनी मला दोनच प्रश्न विचारले. पाणी बंधाऱ्यातच कमी आहे की चारीत मुरतंय? आणि तुझ्याकडे पाटकरी कोण आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात मिळालं. खाली फायबरच्या डब्याला तारेने लॅपटॉप जोडून वेग मोजला, तर ९४ एमबीपीएस. तोच लॅपटॉप वर अभ्यासिकेत नेऊन वाय-फायवर मोजला, तर ७. म्हणजे पैसे शंभराचे भरत होतो आणि वर पोचत होते सात. मधे आरसीसीचा स्लॅब, त्यातल्या सळ्या, दोन लोखंडी कपाटं आणि जुन्या दगडी भिंती. डब्यात वाय-फाय होतं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, आणि शेजारच्या तीन घरांची वाय-फायही त्याच चॅनेलवर. प्लॅन कितीही मोठा घेतला असता तरी वर सातच मिळाले असते. त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच राहील. वेग आधी डब्याशी तारेने मोजा, मग माणसं बसतात तिथे मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहून काढल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

ठरवलं, वरपर्यंत तार न्यायची आणि वाय-फाय वरच द्यायचं. गावातल्या वायरमन भाऊंनी पाइपातून तार ओढून दिली, ४० मीटर. टोकं मात्र मीच बसवली, कारण भाऊंना विजेच्या तारा येतात, या येत नाहीत. आतल्या आठ बारीक तारा एका ठरलेल्या क्रमाने आरजे-४५ नावाच्या प्लास्टिकच्या टोपीत घालायच्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळी जोडी घुसते, तिथे हमखास चुकतं. टेस्टरवर पहिल्या खेपेला ३ आणि ६ चे दिवे उलटे लागले. पाच टोप्या वाया गेल्या, सहावी बसली.

टोपी बसली तरी जोडणी टिकेना. तार जरा हलली की दिवा जायचा. दोन दिवस मी टोप्यांनाच दोष देत होते. मग एका तारेचं टोक ब्लेडने खरवडलं तर वरून तांबूस आणि आतून पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात अशी तार स्वस्त मिळते, वेटोळं हातात घेतलं तर हलकं लागतं, आणि टोपीत दाबली की मोडते. पुढे दुकानातच ब्लेड मागून घेतलं, खरवडून पाहिलं, आणि आतबाहेर तांब्याची तार आणली. जवळजवळ दुप्पट पैसे लागले. या कामात काटकसर करायची असेल तर दुसरीकडे कुठेही करा, तारेत करू नका. भिंतीतली तार पुन्हा ओढायचा त्रास कुणाच्याही वाट्याला यायला नको.

वर जोडायला माझ्याकडे घरचा जुना राऊटर होता. दोन्ही टोकं लावली, दिवे लागले, वर वेग ८५! त्या संध्याकाळी मी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी विचित्र गोष्ट सुरू झाली. काहींचं नेट झकास, काहींचं अजिबात नाही. ज्यांचं बंद होतं त्यांच्या मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली. सकाळी आलेल्यांचं चालायचं, दुपारी आलेल्यांचं नाही, आणि कधी बरोबर उलट.

हे कोडं सुटायला चार दिवस लागले, आणि ते सोडवताना एका जोडणीवर इतकी माणसं मुळात कशी बसतात ते मला पहिल्यांदा कळलं. बाहेरच्या जगात आमच्या वाचनालयाला पत्ता एकच. आत मात्र प्रत्येक मोबाइलला राऊटर वेगळा घरगुती पत्ता देतो, १९२.१६८.१ पासून सुरू होणारा. हे पत्ते १९९४ साली खास घरगुती वापरासाठी बाजूला काढून ठेवले गेले. तुमच्या घरीही बहुधा हेच असतील, माझ्याही घरी आहेत, आणि कुणाचं काही अडत नाही, कारण ते उंबऱ्याबाहेर जातच नाहीत. आतल्या कुणी काही मागवलं की राऊटर मागणीवर वाचनालयाचा पत्ता घालून ती बाहेर पाठवतो आणि स्वतःजवळ नोंद करतो: ही मागणी अमक्याची, अमक्या क्रमांकाने गेली. उत्तर आलं की क्रमांक पाहून ज्याचं त्याला देतो. मला हे लगेच समजलं, कारण आमचं देवघेव रजिस्टर असंच असतं. पुस्तकावर शिक्का वाचनालयाचा. ते कुणाच्या घरी आहे हे फक्त रजिस्टर सांगतं. रजिस्टर हरवलं तर पुस्तक परत आलं तरी खातं कुणाचं मिटवायचं ते कळणार नाही.

आता माझी चूक. खालचा डबा आणि वरचा राऊटर, दोघेही पत्ते वाटत होते, आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच, १९२.१६८.१.१. म्हणजे एका वाचनालयात दोन ग्रंथपाल, दोघींकडे वेगवेगळं रजिस्टर, आणि दोघी एकाच नावाला ओ देणाऱ्या. ज्याची मागणी खालच्या डब्याकडे गेली त्याचं काम झालं. वरच्याकडे गेली तर तिथून बाहेरची वाटच नव्हती. लक्षात कसं आलं? वर बसून मी राऊटरचं पान उघडलं तर ते निळं. थोड्या वेळाने तोच पत्ता टाकला, तर पान हिरवं. एकाच पत्त्यावर दोन वेगळी पानं!

उपाय पाच मिनिटांचा. वरच्या राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचं पत्तेवाटप म्हणजे डीएचसीपी बंद केलं, आणि तार त्याच्या वॅन लिहिलेल्या भोकात न घालता लॅनच्या भोकात ठेवली. आता तो नुसता वाय-फाय पसरवतो, बाकी सगळं काम खालचा करतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट सापडली. काही मोबाइलवर "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" एवढंच यायचं आणि तिथेच थांबायचं. डब्याच्या पानावर पाहिलं तर वाटायला पत्ते फक्त ३२, आणि दिलेला पत्ता २४ तास त्याच मोबाइलच्या नावावर. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी मंडळी दहा मिनिटं बसून जायची आणि पत्ते दिवसभर अडकवून ठेवायची. पत्ते २०० केले, मुदत दोन तास केली. मिटलं.

आणि एक दिवस तर सगळंच बंद. स्विचवरचे, म्हणजे नेटच्या तारा एकत्र जोडायच्या डब्यावरचे, सगळे दिवे एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. साफसफाई करताना कुणीतरी लोंबकळणारं तारेचं टोक दिसलं म्हणून नीट लावून ठेवलं होतं. त्या तारेचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. पाटाचं पाणी फिरवून परत त्याच पाटात सोडावं तसं झालं. एकच निरोप गोल गोल फिरत वाढत राहतो आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही. तेव्हापासून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पुस्तकाच्या कण्याला लावतो तशी चिठ्ठी आहे, क्रमांकासकट.

इतकं सगळं झालं, वेग वर पोचला, चारीची गळती थांबली. तरी संध्याकाळी साडेसातला अभ्यासिका भरली की पाच-दहा मिनिटांचं गुदमरणं राहिलंच. नानांचा दुसरा प्रश्न अजून शिल्लक होता. पाटकरी कोण?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे, आणि दुकानदार, कंपनी, इतकंच काय शहरातले माझे भाचेही याबद्दल कधी बोलले नव्हते. मी एक साधी चाचणी केली. दुपारी कुणी नसताना पिंग लावलं, म्हणजे एक लहानसा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. ९ मिलिसेकंद. संध्याकाळी सगळे बसलेले असताना तेच पुन्हा लावलं. ६४०, ७१०, मग काही वेळ उत्तरच नाही. वेग तोच, तार तीच, मग वेळ सत्तर-ऐंशी पटीने का वाढावा?

कारण रांग. मुलं दिवसभर मोबाइल डेटा जपून वापरतात. वाय-फाय मिळालं की मोबाइल आपला आपणच जागा होतो आणि साठलेले फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सॲपचा बॅकअप वर चढवायला लागतो. पोराला पत्ताही नसतो. पाठवायचा वेग आमच्याकडे मोजून ४६ एमबीपीएस. तो भरला की उरलेलं सगळं कंपनीच्या डब्यातल्या साठवणीत रांगेत उभं राहतं, आल्या क्रमाने. कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओचे हजारो तुकडे पुढे, आणि त्या मुलीच्या अर्जावरच्या सहीचा एवढासा तुकडा त्यांच्या मागे. त्याची पाळी येईपर्यंत संकेतस्थळ म्हणतं, वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा. त्या रात्री चार वेळा हेच झालं होतं. या दुखण्याला नावही आहे, बफरब्लोट. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने २०१० च्या सुमारास आपल्याच घरची जोडणी अशी का गुदमरते याचा माग काढला आणि हे नाव रूढ केलं. डबे बनवणाऱ्यांनी एकही तुकडा सांडू नये म्हणून साठवण वाढवत नेली, आणि त्याच साठवणीने सगळ्यांना ताटकळत ठेवलं.

यावर पाटकरी आहे. त्याचं नाव केक. नेटवर्कवाल्यांच्या भाषेत ती रांग लावण्याची एक पद्धत, २०१८ पासून लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या गाभ्यातच आहे. ती मिळते ओपनडब्ल्यूआरटी नावाच्या मोफत प्रणालीत. लिंक्सिस कंपनीच्या एका राऊटरची आतली संहिता २००३ साली लोकांना खुली करून मिळाली, त्यातून २००४ साली ही सुरू झाली आणि आज शेकडो प्रकारच्या राऊटरवर चालते. मी आधी तिच्या यादीत कोणते राऊटर आहेत ते पाहिलं आणि त्यातला एक वापरलेला, दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), जुन्या सामानाच्या दुकानातून धुळ्याहून आणला. तो खाली मुख्य राऊटर म्हणून बसवला. कंपनीला चार वेळा फोन करून डबा ब्रिज करून घेतला, म्हणजे डब्याने पत्ते वाटायचं सोडून फक्त पाणी आत आणून द्यायचं. जोडणीचं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड त्यांच्याकडून लिहून घेतला, कारण आता लॉगिन आमच्या राऊटरने करायचं होतं. ज्याला हे करायचं असेल त्याने तो पासवर्ड हातात आल्याशिवाय डब्याला हात लावू नये. मी लावला होता, आणि वाचनालय दीड दिवस नेटशिवाय राहिलं.

केकमध्ये भरायच्या गोष्टी थोड्याच. पण पहिलीच ऐकून समिती दचकली. वेग मुद्दाम कमी सांगायचा. मोजलेला घ्यायचा वेग ९४, तिथे ८५ लिहायचे. पाठवायचा ४६, तिथे ४१. समितीतले काका म्हणाले, "पैसे शंभराचे भरायचे आणि आपल्याच हाताने कमी करायचं?" त्यांना समजावताना माझी जीभ अडखळली, पण नाना तिथेच होते. ते म्हणाले, पाणी भरभरून सोडलं तर बंधाऱ्यापासून शेवटापर्यंत पाट फुगलेला, कुणाचं दारं कुठे मोडायचं ते पाटकऱ्याच्या हातातच राहत नाही. पाटाच्या तोंडाशी हात राखून सोडलं तर पाळी आपल्या हातात राहते. नेटचंही तंतोतंत तसंच आहे. आपण कंपनीच्या मर्यादेच्या जरा खाली राहिलो की रांग कंपनीच्या डब्यात लागत नाही, आपल्या राऊटरमध्ये लागते. आणि आपल्या राऊटरमध्ये पाळी कुणाची ते आपण ठरवू शकतो.

दुसरी गोष्ट, वाटणी माणशी करायची. कुणी एकाच वेळी पन्नास गोष्टी उतरवत असो की कुणी एकच पान उघडत असो, दर मोबाइलला वाटा सारखाच. एकाचं काम थोडं असेल तर त्याचा उरलेला वाटा इतरांना जातो, वाया जात नाही. यासाठी 'नॅट' हा शब्द केकच्या खिडकीत लिहावा लागतो. मघाशी सांगितलेल्या राऊटरच्या रजिस्टरचं हे नाव. नाहीतर केकला आतले मोबाइल वेगळे दिसतच नाहीत, सगळ्यांवर वाचनालयाचाच शिक्का दिसतो. मी तो पहिल्यांदा विसरले होते आणि वाटणी होत नाही म्हणून दोन दिवस डोकं धरून बसले होते.

त्या संध्याकाळी साडेसातला मी वर बसून पिंग लावलं. अभ्यासिका भरलेली. १४, १७, १५, २२, १६. मी अर्धा तास ते आकडेच बघत बसले. एकदा ३१ आला, बाकी सगळे पंचविशीच्या आत.

ग्रामसंघाच्या खोलीचा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. अंतर ४५ मीटर. तार चालली असती, तांब्याच्या तारेला १०० मीटरपर्यंत मुभा असते. पण आमच्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो तो विजा घेऊनच. आदल्या वर्षी अंगणावरून गेलेल्या केबल टीव्हीच्या तारेतून झटका येऊन दोन घरांचे टीव्ही गेले होते. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबं न्यायचं नाही, हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं. तिथे फायबर, म्हणजे काचेची तार नेली, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरच्या, म्हणजे काचेतला प्रकाश आणि तांब्यातली वीज यांची अदलाबदल करणाऱ्या, लहान डब्या. काचेतून वीज वाहत नाही. मात्र बाहेरच्या फायबरसोबत ताणासाठी पोलादी तार येते. ती खांबापर्यंतच ठेवायची आणि आत आणायची नाही, नाहीतर काच घालून काही उपयोग नाही. खोलीवर पत्रे असल्याने बाहेरचं वाय-फाय आत शिरतच नव्हतं. आत एक लहान राऊटर लावला आणि ताईंच्या ऑनलाइन बैठका सुरू झाल्या. पूर्वी त्या लॅपटॉप घेऊन चिंचेखाली बसायच्या.

वीज गेली की सगळं जायचं, म्हणून खाली-वर १२ व्होल्टचे लहान यूपीएस लावले. तीन-साडेतीन तास निभावतं.

तारांपेक्षा जास्त वेळ गेला माणसांच्या बैठकींत, आणि तो जायलाच हवा होता. एक गट म्हणत होता व्हिडिओ बंद करा, पोरं टाइमपास करतात. मी त्याला ठाम विरोध केला. आज अभ्यासाची निम्मी व्याख्यानं व्हिडिओवर आहेत. पुण्यात जाऊन क्लास लावणं ज्यांना परवडत नाही तीच मुलं इथे बसतात, त्यांचा क्लास तोच आहे. आणि वाटणी नीट झाली की एकाच्या व्हिडिओने दुसऱ्याचं अडत नाही, मग बंदी कशासाठी? शेवटी ठरलं की काहीही बंद करायचं नाही, फक्त वाटा सारखा.

पासवर्डवर मात्र मी कुणाचंच ऐकलं नाही. काहींना वाटत होतं वाय-फाय सगळ्या गावासाठी उघडं ठेवावं, पुण्याचं काम आहे. मी त्यांना जुलै २००८ ची गोष्ट सांगितली. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या उघड्या वाय-फायवरून गेलेला होता, आणि तपास आधी त्याच्या दारात पोचला. बाहेर पत्ता एकच दिसतो, तो वाचनालयाचा, हे मी वर लिहिलंच आहे. त्यामुळे सभासदांसाठी एक वाय-फाय, पासवर्ड दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो आणि रजिस्टरवर सही करून मिळतो. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, तिथून वाचनालयाचे संगणक दिसत नाहीत. पैसे कुणाकडून घेत नाही, वर्गणीत सगळं आलं. पुढे कधी गावासाठी पैसे घेऊन द्यायचं ठरलंच, तर केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे, तिच्यातून रीतसर करता येईल. चोरून नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा एका अर्जाची शेवटची तारीख आली. संध्याकाळपासून अभ्यासिकेत खुर्ची रिकामी नव्हती, सहा जणं जिन्यात बसले होते. पलीकडे ग्रामसंघाची जिल्ह्याबरोबर बैठक सुरू. एरवी मी साडेआठला कुलूप लावून घरी जाते, त्या दिवशीही थांबले. नानाही काठी टेकत आले. गुडघे दुखतात तरी जिना चढले.

वर कुणी मान वर केली नाही. नानांनी सगळीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "शेवटला वाफा कोनता?"

मी खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं. राऊटरपासून सगळ्यात लांबची खुर्ची, मधे खांब. तिथे अकरावीतला एक मुलगा दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज भरून देत होता. आम्ही दोघं त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो. फोटो चढला. सही चढली. मग पैसे भरायचं पान उघडलं, आणि तो मान न वळवता म्हणाला, "थांबा ताई, आते ओटीपी येई."

ओटीपी आला.